गाण्यांतील उसनी ऊब

शाळेच्या स्नेहसंमेलनानिमित्त यंदा गायकवृंदाचीं सहा गाणीं ध्वनिमुद्रित करण्यांत आलीं, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. पूर्वी असें काम म्हटलें कीं शहरांतील एखादा स्टुडिओ गांठावा लागे, व त्याच्या भाड्याचा आंकडा ऐकून संमेलनाच्या चिटणिसांची झोप उडे. आतां नववी-दहावींतील दोन-तीन हुशार मुलें एक लॅपटॉप, दोन मायक्रोफोन व संगीताच्या खोलीच्या खिडक्यांवर टांगलेल्या जाड गोधड्या एवढ्या सामग्रीवर तें पार पाडतात. याचें आम्हांस कौतुक वाटतें, व तें आरंभींच सांगून टाकतों. कारण पुढें जें लिहावयाचें आहे त्यांत थोडी कुरकुर आहे.

तीं गाणीं प्रथम आमच्या कानीं पडलीं तेव्हां लाऊडस्पीकरावर कोणीं तरी कांबळें पांघरलें असावें, असा आमचा ग्रह झाला. मुलांचे आवाज जाड व कांहींसे घोगरे. पेटी आणि कंठ एकमेकांत कालवलेले. गीताचे शब्द तर तर्कानेंच ओळखावे लागत. चौकशी करतां आमच्या तरुण ध्वनिमुद्रकांनीं मोठ्या उत्साहानें सांगितलें, "सर, ही ॲनालॉग वॉर्म्थ आहे! प्लगिन लावून आणली."

ही ऊब म्हणजे काय प्रकार आहे तें पालकांस समजावून सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण तिच्यासाठीं पैसे मागण्यांत येतात ते त्यांच्यापाशींच. संगणकावर गाण्याचें मिश्रण करण्याचें जें मुख्य सॉफ्टवेअर असतें, त्याला जोडावयाच्या लहान सॉफ्टवेअरला प्लगिन म्हणतात. कांहीं प्लगिनें आवाजांतील खर्ज किंवा तीव्र भाग कमीअधिक करितात, कांहीं सभागृहाचा घुमारा आणतात. आणि कांहींचें काम एवढेंच कीं, जुन्या टेप-यंत्रांतून अथवा व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधून गेल्यावर आवाजांत जो फरक पडे, तो गणितानें उतरवावयाचा. आमच्या मुलांनीं वापरलें तें या शेवटल्या जातीचें.

यांतील गंमत अशी कीं, हा फरक म्हणजे त्या यंत्रांचा दोष होता. १९३५ सालीं बर्लिन येथील रेडिओ-प्रदर्शनांत ए. ई. जी. कंपनीनें मॅग्नेटोफोन हें टेप-यंत्र लोकांपुढें मांडलें. १९४० च्या सुमारास जर्मन अभियंत्यांनीं मुद्रणाच्या वेळीं फितीस अतिशय जलद कंपनांचा विद्युत्प्रवाह देण्याची युक्ति उपयोगांत आणली, तेव्हां तिची खरखर व आवाजाचें विरूपण एकदम पुष्कळ कमी झालें. त्यापुढें कित्येक दशकें जगांतील अभियंते उरलेसुरलें विरूपण घालविण्यासाठीं धडपडत होते. अखेर संगणक आला, आवाज आंकड्यांत सांठविला जाऊं लागला, आणि तो दोष बव्हंशीं नाहींसा झाला. तेव्हां लोकांस चुकल्याचुकल्यासारखें होऊं लागलें! ज्या चुलीच्या धुरानें डोळे चुरचुरत, तिच्यावरच्या भाकरीची चव गॅसवर येत नाहीं असें घरांतील वडील माणसें म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार.

दोष खरा, पण तो गोड कां लागावा? फितीवरील लेपाची चुंबकत्व घेण्याची शक्ति मर्यादित असते. आवाज मोठा झाला कीं ती मर्यादा जवळ येते व ध्वनिलहरींचे माथे थोडेसे दबून वाटोळे होतात. लहरीचा आकार बदलला म्हणजे मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वरही उमटतात. फितीवर लहरीची वरची व खालची बाजू सारखीच दबते, म्हणून मुख्यत्वें तिसरा उपस्वर येतो. साध्या व्हॉल्व्हमध्यें एक बाजू दुसरीहून अधिक दबते, म्हणून दुसरा येतो व पुष्कळदां तोच प्रबळ असतो. ज्याचा षड्ज सेकंदास २२० कंपनांचा आहे त्यानें हिशेब करून पाहावा: दुसरा उपस्वर ४४०, म्हणजे तार षड्ज, तिसरा ६६०, म्हणजे तार सप्तकांतील पंचम. गायकाच्या एकेका स्वरापाठीं अशी षड्ज-पंचमाची मंद सोबत उभी राहिली, तर तो स्वर कानाला भरलेला व जवळचा वाटावा यांत नवल नाहीं.

ही गोष्ट आपल्याकडे कोणास नवीन वाटूं नये. मिरजेचा तंबोरा ज्यांनीं ऐकला आहे त्यांस ती ठाऊकच आहे, नांव मात्र निराळें. तंबोऱ्याची घोडी धारेची नसून रुंद व किंचित् बाकदार असते, आणि तारेखालीं सुताचा दोरा सरकवून तार त्या बाकाला अगदीं निसटती टेकेल असें करितात. यासच जवारी म्हणतात. तिच्यायोगें तारेच्या एका स्वरांतून उपस्वरांचें मोहोळ उठतें. सर चंद्रशेखर वेंकट रामन् यांनीं १९२१ सालीं वीणा व तंबोरा यांच्या या घोडीवर निबंध लिहून दाखविलें कीं, तार जेथें छेडावी तेथें जो उपस्वर मुळींच उमटूं नये असें जुना नियम सांगतो, तोही या घोडीमुळें स्पष्ट ऐकूं येतो. सारांश, शुद्ध स्वराला थोडें 'बिघडवून' गोड करणें ही कला आमच्या कारागिरांस फितीचा जन्म होण्यापूर्वीपासून अवगत आहे. म्हणून प्लगिन लावणें म्हणजे लबाडी, असें जे कांहीं जुने संगीतप्रेमी म्हणतात त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. तें लबाडी असेल तर दोराही लबाडीच!

परंतु ज्यानें दोरा सरकविलेला पाहिला आहे, त्यानें तो किती सरकवितात हेंही पाहिलें असेल. केसभर इकडे, तार मिटते; केसभर तिकडे, ती झणझणूं लागते. आणि तंबोऱ्याच्या चार तारांची जवारी ज्या त्या तारेपुरती असते. एकच दोरा सर्वांस पुरेल असें कोणी समजत नाहीं. आमच्या ध्वनिमुद्रकांनीं नेमकें तेंच केलें. चाळीस मुलांचा कंठ, पेटी व तबला, सर्व एकत्र करून त्या एकवटलेल्या आवाजावर एकच प्लगिन लावलें व त्याची चक्री अर्ध्याहून पुढें फिरविली. दोन स्वर मिळून अशा साधनांतून गेले म्हणजे प्रत्येकाचे उपस्वर तर येतातच, पण त्या दोहोंच्या कंपनांच्या बेरजेचे व वजाबाकीचेही स्वर उत्पन्न होतात. पेटीवर २२० चा षड्ज धरला तर तिचा गंधार सुमारें २७७ असतो. त्यांची वजाबाकी ५७. दोन सप्तकें खालचा षड्ज ५५ चा. तेव्हां हा ५७ धड षड्जही नव्हे, धड कोमल ऋषभही नव्हे. असे बेवारशी स्वर शेंकड्यांनीं सांचले म्हणजे त्यांचा जो गाळ होतो, त्यालाच आमचीं मुलें ऊब समजत होतीं.

चक्री अर्ध्यावरच होती, मग एवढा परिणाम कां, असें त्यांनीं आम्हांस विचारलें. प्रश्न योग्य होता. अशीं पुष्कळशीं प्लगिनें या हिशेबानें बांधलेलीं असतात कीं, संगणकाच्या मापावरील कमाल शून्याच्या खालीं १८ डेसिबल म्हणजे जुन्या यंत्राची नेहमींची पातळी. मुलांनीं आवाज जितका मोठा घेतां येईल तितका, जवळजवळ शून्यापर्यंत घेतला होता. म्हणजे चक्रीस हात लावण्यापूर्वीच फीत जणूं तुडुंब भरली होती. दुसरें असें कीं, संगणकांत सेकंदास ४४,१०० नमुने घेत असतां २२,०५० च्या वरील कंपनांस जागा नसते. ८,००० कंपनांच्या तीव्र ध्वनीचा पांचवा उपस्वर ४०,००० चा. तो वर मावत नाहीं म्हणून दुमडून ४,१०० वर येऊन बसतो, व त्याचा मूळ स्वराशीं कांहीं एक नातेसंबंध नसतो. यावर 'ओव्हरसॅम्पलिंग' नांवाचा उपाय पुष्कळ प्लगिनांत दिलेला असतो. आमच्या मुलांनीं तो बंद ठेविला होता, कारण त्यानें लॅपटॉप अडखळत असे.

तथापि हीं सर्व तांत्रिक कारणें झालीं. खरें कारण निराळें आहे व तें वयानें मोठ्यांसही लागू पडतें. प्लगिन लावलें कीं आवाज पुष्कळदां किंचित् मोठा होतो, आणि मनुष्याचा कान असा भोळा आहे कीं एकादा डेसिबल वाढला कीं त्यास तो मोठेपणा न वाटतां चांगुलपणा वाटतो. विकणाऱ्यांस हें पुरतें ठाऊक असतें. आम्हीं मुलांस एक परीक्षा घ्यावयास सांगितली: प्लगिनाची प्रत व मूळ प्रत यांचा आवाज मीटरवर नव्हे तर कानानें समान करा, एकानें कळ फिरवावी व इतरांनीं भिंतीकडे तोंड करून ऐकावें. पहिल्याच गाण्यास, ज्यांनीं ती ऊब आणण्यासाठीं दोन रात्री जागून काढल्या होत्या त्यांनींच मूळ प्रतीकडे बोट दाखविलें. खोलींत थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. त्यांतील एकानें, "पण सर, पेटीवर तें चांगलें वाटत होतें," असें हळूच म्हटलें. आणि तें अगदीं खरें होतें! पेटीच्या कर्कश वरच्या पट्ट्या त्या प्लगिनानें खरोखरच मवाळ केल्या होत्या. मग तें एकट्या पेटीवर ठेवून, पातळी खालीं आणून, चक्री हळूहळू मागें घेतली. जेथें तें आहे असें कळेनासें झालें पण काढतांच उणें वाटूं लागलें, तेथें थांबलों. कंठांवर कांहींच लाविलें नाहीं.

आमच्या तरुण मित्रांचा एक मोठा आधार म्हणजे लंडनमधील ॲबी रोडचा स्टुडिओ. तेथें १९६६-६७ सालीं बीटल्स मंडळीनें 'सार्जंट पेपर' हा प्रख्यात संच स्टूडर कंपनीच्या जे-३७ या चार पट्ट्यांच्या टेप-यंत्रांवर मुद्रित केला, आणि त्याच यंत्राची प्रतिकृति म्हणून आज वेव्ह्ज कंपनीचें प्लगिन विकत मिळतें. तें यंत्र उत्तमच होतें. परंतु त्याच्या अलीकडे काय काय होतें, इकडे आमचे मित्र लक्ष देत नाहींत. उंच छताची, मुद्दाम बांधलेली दालनें, निवडक मायक्रोफोन, आणि एकच ओळ मनास येईपर्यंत पुनःपुन्हां गाणारीं माणसें. हें सर्व झाल्यावर शेवटीं फीत. आमच्याकडे पेटी जुळवून आणावयास सवड झाली नव्हती, दुसऱ्या ओळींतील मुलें मायक्रोफोनपासून फार दूर उभीं होतीं, आणि एका कडव्यांत निम्मा वृंद अर्धी मात्रा आधींच सुरू झाला होता. हें कोणतीही ऊब झांकूं शकत नाहीं. उलट माथे दबले कीं मागील कुजबूज व पंख्याची घरघर पुढें येते.

पैशाविषयीं दोन शब्द. कांहीं बऱ्यापैकीं प्लगिनें फुकट मिळतात, व शालेय कामास तीं पुरेशीं आहेत. वडिलांपाशीं हट्ट धरून हजारों रुपयांचें प्लगिन घेण्याऐवजीं त्याच पैशांत पेटी नीट करून घ्यावी. आणि चोरून उतरविलेलीं प्लगिनें आमच्या लॅपटॉपवर सांपडलीं त्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं. त्या मुलांशीं आम्ही बोललों आहों.

एवढें लिहिण्याचें कारण गाण्याच्या गोडीपेक्षां थोडें मोठें आहे. दहावीचा वर्ग आतां शाळा सोडून गेला. सातवींतील ज्या मुलांनीं वरच्या पट्टींत इतकें निर्मळ गाइलें, त्यांतील कित्येकांचे आवाज पुढील संमेलनापूर्वीं फुटतील. ते कंठ पुन्हां जमविणें कोणाच्याही हातीं नाहीं. राहील तें मुद्रणच. प्लगिन केव्हांही लावतां येतें व केव्हांही काढतां येतें, परंतु मूळ प्रत जपून ठेविली असेल तरच. दबलेले माथे मागाहून पूर्ववत् होत नाहींत.

सहांपैकीं पांच गाण्यांच्या मूळ प्रती एका मुलाच्या पेनड्राइव्हवर सुदैवानें सांपडल्या, व त्यांवरून नवीं मिश्रणें तयार झालीं; तीं पालकांस शाळेच्या कचेरींतून मिळतील. सहावें गाणें दहावीच्या मुलींचें. लॅपटॉपांत जागा व्हावी म्हणून त्याची मूळ प्रत पुसून टाकण्यांत आली होती, आणि आतां तें आहे तसेंच, कांबळ्याआडून, ऐकावें लागणार आहे. त्यांतील तिसऱ्या कडव्यांत एकट्यानें गाणारी मुलगी कोण, असें एका पालकांनीं परवां आम्हांस विचारलें. ती त्यांचीच मुलगी होती.