माप कुणाच्या हाती?

आमची आई मोहफुले घेऊन आठवडी बाजारात जायची. पायली व्यापाऱ्याची. फुले घेताना तो शीग लावून घ्यायचा, मीठ देताना मात्र हात फिरवून सपाट करायचा. आईला अक्षर येत नव्हते, हिशेब येत होता. एका उन्हाळ्यात ती घरचीच पायली घेऊन गेली. व्यापारी चिडला, "बाई, माझ्यावर भरवसा नाही काय?" आई म्हणाली, "भरवसा आहे, पण मापू माझ्या पायलीनं." पुढे आम्ही बी.कॉम. झालो, ताळेबंद पाठ केले; पण व्यापाराचा पहिला धडा तोच.

याच धड्याचे मोठे रूप आपल्या शेजारी धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात दिसते. भोवती बांबूचे रान, पण कित्येक वर्षे तो बांबू कागद कारखान्याकडे जाई आणि गावाच्या वाट्याला तोडणीची मजुरी तेवढी येई. म्हणजे पायली दुसऱ्याची! देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी आधी ग्रामसभा उभी केली, निर्णय सर्वांच्या सहमतीनेच घ्यायचे ठरवले, अभ्यासगट चालवले. चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल त्यांच्यासोबत शिकत राहिले. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला.

तरी गाडी अडलीच. माल होता, गिऱ्हाईक होते, पण वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडे! परवान्याशिवाय बांबू गावाबाहेर गेला की तो चोरीचा माल. मग घेणार कोण? आम्ही कारकून माणसे, एका शिक्क्यासाठी माणूस किती खेटे घालतो ते रोज पाहतो. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर गाव स्वतः विक्रेता झाले. निविदा गाव मागवणार, भाव गाव ठरवणार, पैसा ग्रामसभेच्या खात्यात.

याच गावाने मधाचाही अभ्यास केला. माशा जाळायच्या नाहीत, पोळ्याचा मधाचा भाग तेवढाच कापायचा. माशा जिवंत, पोळे पुन्हा भरते. आजकाल शहरात याला नवकल्पना म्हणतात आणि त्यासाठी शिबिरे भरवतात. असो.

हे सारे आठवण्याचे कारण आमच्या मोहल्ल्यातला बचत गट. भगिनी मिरचीचे लोणचे उत्तम घालतात. पण बरणी दुकानदाराची, चिठ्ठी त्याच्या नावाची, वजन त्याच्या काट्यावर. दर खेपेला किलोमागे थोडे कमीच भरते. दोघी जणी कंटाळून गट सोडायला निघाल्या आहेत. त्यातल्या एकीच्या मुलीची कॉलेजची फी याच लोणच्यावर आहे. आम्ही सुचवले, आधी स्वतःचा काटा घ्या, मग स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावा. यावर अध्यक्षाबाईंनी आम्हालाच विचारले, "भाऊ, काटा घेतला तर या महिन्याचं तेल कशानं आणू?"

प्रश्न खरा आहे. दोन बैठका त्यावरच झाल्या. तिसरी येत्या रविवारी आहे, आणि आईची जुनी पायली आम्ही सोबत नेणार आहोत.