दुसरी बादली

माहीमच्या आमच्या इमारतीत पहाटे साडेचारच्या सुमारास प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी पडल्याचा आवाज येतो. गाडी पुसणारे काका आलेले असतात. आठ वाजेपर्यंत ते बावीस गाड्या पुसतात आणि दुसऱ्या कामावर निघून जातात. मालकांना ते क्वचितच दिसतात. दिसते ती पुसलेली काच. काच पुसलेली दिसली की आपण समाधानाने किल्ली फिरवतो.

माझे हे समाधान एका रविवारी दुपारी संपले. गाडी गडद निळी, तीन वर्षे वापरलेली. उन्हात उभी असताना बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी असंख्य वर्तुळे दिसली. गाड्यांना झळाळी आणून देणाऱ्या एका दुकानात ती नेली. तिथल्या तरुणाने पॉलिशचे यंत्र फिरवून वर्तुळे घालवली, वर सिरॅमिक कोटिंग चढवले आणि आता काही वर्षे चिंता नको म्हणाला. किती पैसे दिले ते इथे लिहीत नाही, विद्यार्थी वाचतात. मला मात्र मनातून 'वज्रलेप' हा आपला जुना शब्द आठवून बरे वाटले होते. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वज्रलेपाच्या कृती आहेत आणि मूर्तींची झीज थांबवण्यासाठी आजही आपण तो शब्द वापरतो. माझा वज्रलेप सहा महिने टिकला. मग वर्तुळे परत आली.

असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी मराठीच्या प्राध्यापकाला थोडे पदार्थविज्ञान वाचावे लागले. आजच्या गाडीवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. आपण जिला चमक म्हणतो ती या थराच्या सपाटपणाची. पृष्ठभाग गुळगुळीत असला की प्रकाश एका दिशेने परततो. ओरखडे पडले की तो विखुरतो आणि गाडी निस्तेज दिसते. धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळूतले क्वार्ट्झ या थरापेक्षा कितीतरी कठीण असते. कोरड्या किंवा मळक्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे गाडीला अतिशय बारीक पॉलिशपेपर घासणे. कोटिंगमुळे पाणी ओघळून जाते, पक्ष्यांच्या विष्ठेतल्या आम्लापासून काहीसे रक्षण होते. पण वाळू घासलीच तर ते काही करू शकत नाही.

आणखी एक गोष्ट कळली, ती अधिक अस्वस्थ करणारी. पॉलिश चमक 'देत' नाही. ते तो पारदर्शक थरच किंचित खरवडून ओरखड्याच्या तळापर्यंत आणते. प्रत्येक पॉलिशगणिक थर पातळ होतो. म्हणजे ज्याला टिकाऊ चमक हवी, त्याने पॉलिशची वेळच कमीत कमी येईल असे पाहिले पाहिजे. वरून मेण लावावे, ब्राझीलच्या कार्नौबा ताडाच्या पानांवरचे मिळते ते उत्तमच. पण त्याचे काम रक्षणाचे, आणि आपल्या उन्हापावसात ते काही आठवड्यांत झिजते. खरा प्रश्न रोजच्या पुसण्याचा आहे.

आपल्या घरातल्या भांड्यांनी हे आपल्याला पूर्वीच सांगितले होते. कल्हईवाला पितळेच्या पातेल्याला कथील लावण्याआधी ते आतून लख्ख घासून घेई, तापवी, नवसागर टाकी आणि मगच कापसाने कथील फिरवी. घासण्यात कसूर झाली तर कल्हई धरत नसे. शिवाय कल्हई चकाकत असली तरी ती चकाकण्यासाठी नव्हती. आंबट पदार्थ कळकू नयेत म्हणून होती. रक्षण आधी, तकाकी त्याच्या मागून. आज आपण तकाकी विकत घेतो आणि रक्षणाचे काम पहाटेच्या अंधारात, आपण झोपलेले असताना, कोणाकडून तरी उरकून घेतो.

माहीममध्ये हे काम सोपे नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मिठी नदीची खाडी. खारा वारा रात्रभर गाड्यांवर बसतो. भुयारी मेट्रोचे काम चालू होते तेव्हाची धूळ आम्ही कित्येक वर्षे खाल्ली. २०२५च्या मे महिन्यात शितलादेवी स्थानक सुरू झाले, पण जुन्या इमारती पाडून टॉवर उभे करण्याचे काम चालूच आहे. सिमेंटची भुकटी पहाटेच्या दवात भिजून काचेवर चिकटते. ही धूळ आधी पाणी ओतून सैल करावी, गाडीच्या शांपूत भिजवलेल्या मऊ कापडाने वरून खाली पुसावे, कापड दुसऱ्या स्वच्छ बादलीत खळबळून मगच पुन्हा शांपूत बुडवावे, चाकांना वेगळे फडके ठेवावे, शेवटी कोरड्या मायक्रोफायबरने टिपावे. एवढेच शास्त्र आहे.

हे शास्त्र पाठ करून मी एका पहाटे खाली उतरलो. खरे सांगायचे तर काकांना बोलायला उतरलो होतो. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, बादली एक, गाड्या बावीस. पाचव्या गाडीला पाणी काळं होतं, मलाही दिसतं. पण दुसरी बादली भरू देत नाहीत." ते खरेच होते. पाणीकपातीच्या एका उन्हाळ्यात आमच्या सोसायटीने तसा ठराव केला होता. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

पाण्याची काळजी खोटी नाही. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा धरणांतून, शंभरेक किलोमीटरवरून पाणी येते. ज्या शहापूर तालुक्यातून ते येते तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. मार्च २०२४मध्ये बंगळूरात पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली, ५,००० रुपये दंड ठरला. नळी लावून गाडी धुणे आज कोणी समर्थनीय म्हणू नये. दहा मिनिटांत शंभर लिटर सहज वाहून जातात. पण नळी आणि एकच काळी बादली यांच्यामध्ये पर्याय नाही काय? गाडी रोज पुसलीच पाहिजे असे नाही. रोज फक्त काचा पुसाव्यात आणि आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाण्याने गाडी नीट धुवावी. त्यासाठी विहिरीचे किंवा साठवलेले पावसाचे पाणीही चालते. एका बादलीच्या ठरावाने पाणी थोडेफार वाचले असेल. पण तो करताना त्या बादलीतून बावीस गाड्या कशा निघतील, हे आम्ही कोणी विचारले नव्हते.

मी सभेत हे मांडले. एका सभासदाने विचारले, "इतक्या कमी पैशांत तो आणखी काय करणार?" प्रश्न त्यांनी आक्षेप म्हणून विचारला होता, मला ते उत्तर वाटले. कोटिंगसाठी हजारो रुपये मोजताना आपला हात आखडत नाही, आणि महिन्याला दोन चांगली फडकी व शे-दोनशे रुपये वाढवून द्यायची वेळ आली की काटकसरीची आठवण होते. दसऱ्याला याच गाड्यांवर बादल्यांवर बादल्या ओतून आपण त्यांना झेंडूच्या माळा घालतो. त्या दिवशी ठराव कोणाला आठवत नाही.

गाडीची चमक हा काही जीवनमरणाचा प्रश्न नव्हे, हे मला मान्य आहे. पण वस्तू टिकवणे हा चंगळवाद नाही. ती नीट राखली तर वर्षानुवर्षे चालते. प्रश्न एवढाच की, ती राखणाऱ्या हातांना आपण काय देतो. काम बिघडले की आपण त्या हातांना दोष देतो आणि साधने मागितली की नियम दाखवतो. सोसायट्यांत, कार्यालयांत आणि, मान्य केले पाहिजे, आमच्या महाविद्यालयांतही हेच चालते.

आमच्या सभेत निर्णय पुढे ढकलला गेला. तोवर माझ्यापुरती सोय मी केली आहे. रविवारी सकाळी माझ्या घरच्या पाण्याची एक बादली खाली उतरते, तीन फडकी माझ्याकडे धुतली जातात आणि काकांना त्या दिवसाचे वेगळे पैसे मिळतात. बॉनेटवरची जुनी वर्तुळे तशीच आहेत. ती पुसून काढण्यासाठी पुन्हा यंत्र फिरवून घ्यायचा माझा विचार नाही. नवी मात्र पडलेली नाहीत. उरलेल्या एकवीस गाड्यांचे काय, हे पुढच्या सभेत पुन्हा विचारणार आहे.