फ्रायडेचे बेट आणि आपण

आपल्याकडची ब्रिटिश राजवट जाऊन पाऊणशे वर्षे उलटली, आफ्रिकेतील कितीतरी वसाहती 1960 च्या आसपास स्वतंत्र झाल्या. मग वसाहतवाद आणि गोऱ्या वर्णाचे विशेषाधिकार यांविषयी आज इतके का बोलले जाते, असा प्रश्न वाङ्मयाच्या वर्गांतून आणि प्राध्यापकांच्या खोलीतूनही वरचेवर ऐकू येतो. प्रश्न अगदीच वावगा नाही. गेल्या दोन-तीन दशकांत ‘वासाहतिकोत्तर’ हे विशेषण आपण इतक्या सढळ हाताने वापरले आहे, की चर्चासत्रातील निबंधाच्या शीर्षकात ते नसले तर काही राहून गेल्यासारखे वाटावे. सईद, भाभा, स्पिव्हाक ही नावे एका दमात घ्यायची, ‘अन्यत्व’ आणि ‘संकरता’ हे शब्द मधूनमधून पेरायचे आणि हाती आलेल्या कोणत्याही कादंबरीतून तोच तो निष्कर्ष काढायचा, हा प्रकार विद्यार्थ्यांनाही पाठ झाला आहे. त्याचा कंटाळा येत असेल तर तो स्वाभाविक आहे.

मात्र परिभाषेचा कंटाळा येणे वेगळे आणि ती परिभाषा ज्याविषयी आहे ते संपणे वेगळे. या दोन गोष्टींची आपण फार सहज गल्लत करतो. म्हणून सिद्धान्त थोडा वेळ बाजूला ठेवून एकाच प्रकरणाकडे पाहावे, असे मला वाटते. त्याची सुरुवात आपण सर्वांनी वाचलेल्या, अनेकांनी शिकवलेल्या एका पुस्तकापासून होते.

डॅनिएल डिफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ 1719 साली प्रसिद्ध झाली. निर्जन बेटावर अडकलेला क्रूसो एका माणसाचे प्राण वाचवतो आणि त्याला त्या दिवसाच्या वाराचे नाव देऊन टाकतो. त्या माणसाला आधी काही नाव असेल, हे विचारण्याची गरज क्रूसोला वाटत नाही. स्वतःला मात्र ‘मालक’ म्हणायला तो त्याला शिकवतो. हे सारे आपण वर्गात सांगतोच. परंतु जवळजवळ अडीचशे वर्षांनी हा फ्रायडे लंडनच्या एका सरकारी फायलीत अवतरला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

हिंदी महासागराच्या मध्यावर चागोस नावाचा द्वीपसमूह आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी मादागास्कर आणि मोझांबिककडची माणसे गुलाम म्हणून तेथे नेली आणि नारळाचे मळे उभे केले. पुढे ही बेटे मॉरिशससह ब्रिटिशांकडे आली, 1835 मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली, पण माणसे तिथेच राहिली. त्यांची स्वतःची क्रिओल बोली तयार झाली, त्यांच्या काही पिढ्यांची थडगी तिथल्या मातीत आली. नोव्हेंबर 1965 मध्ये, मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याच्या वाटाघाटी चालू असतानाच, ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडून एक नवी वसाहत निर्माण केली. वसाहती सोडून देण्याचा तो काळ. त्या काळात ही वसाहत नव्याने जन्माला आली. कारण उघड होते. दिएगो गार्सिया या सर्वांत मोठ्या बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता आणि तो माणसांवाचून हवा होता.

1966 च्या त्या फायलीत समुद्रपक्ष्यांखेरीज कोणीही मूळ रहिवासी तिथे राहता कामा नये, अशा आशयाचा शेरा एका वरिष्ठ अधिकाऱ्याने मारला आहे. त्यावर दुसऱ्याने लिहिले, की दुर्दैवाने पक्ष्यांबरोबर तिथे काही टारझन आणि ‘मॅन फ्रायडे’देखील आहेत, ज्यांचा मूळ ठावठिकाणा धड कोणाला माहीत नाही. (टारझन हा मुळात इंग्रज उमरावाचा मुलगा, हे त्या साहेबांच्या लक्षात आले नसावे.) या माणसांची नोंद कंत्राटी, तात्पुरते मजूर अशी करायची, म्हणजे कायमची वस्ती नाहीच असे जगाला सांगता येते, असे धोरण ठरले. 1968 ते 1973 या काळात दीड ते दोन हजार माणसांना मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडण्यात आले. दिएगो गार्सियावरील पाळीव कुत्री त्याआधी कोंडून, धुराने मारण्यात आली.

मला महत्त्वाची वाटते ती त्या शेऱ्यातली सहजता. टिपणी लिहिणारा माणूस दुष्ट होता असे समजण्याचे कारण नाही. तो सुशिक्षित होता आणि त्याने लहानपणी क्रूसो वाचला असणार. एका लोकसमूहाला त्याच्या भूमीवरून उठवण्याचा विचार करताना त्याला शब्द शोधावे लागले नाहीत. कादंबरीने ते आधीच तयार करून ठेवले होते. ज्या माणसाला नाव नाही, ज्याचे कुळ माहीत नाही, त्याला घर तरी कशाला असेल? साहित्य समाजाचा आरसा असते हे घासून गुळगुळीत झालेले वाक्य आपण परीक्षेत लिहवून घेतो. साहित्य कधीकधी सरकारी शिक्क्याचेही काम करते, हे मात्र अभ्यासक्रमात नाही.

यावर कोणी म्हणेल, की हा शीतयुद्धाच्या गरजेचा प्रश्न होता, वर्णाचा नव्हे. या म्हणण्याचे उत्तर 1982 मध्ये मिळते. अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे घेतली तेव्हा तेथे सुमारे अठराशे माणसे राहत होती, म्हणजे चागोसहून हलवलेल्या माणसांइतकीच. ती ब्रिटिश वंशाची होती. त्यांच्या इच्छेला सर्वोच्च मान आहे असे सांगत ब्रिटनने अर्ध्या जगापलीकडे आरमार पाठवले आणि लगेच 1983 मध्ये कायदा करून त्यांना पूर्ण नागरिकत्व दिले. चागोसच्या माणसांना तसे नागरिकत्व मिळायला 2002 साल उजाडावे लागले. वर्णाधारित विशेषाधिकार म्हणजे कोणी कोणाला शिवी देणे नव्हे. दोन बेटांवरच्या सारख्याच संख्येच्या माणसांची ‘इच्छा’ विचारायची की नाही, हे आधीच ठरलेले असणे, याला विशेषाधिकार म्हणतात. ज्याच्याकडे तो असतो त्याला तो दिसत नाही. त्याला ती केवळ जगाची रीत वाटते.

आता आपल्याकडे वळू. वर्णभेदाची चर्चा ही पाश्चात्त्य विद्यापीठांतून आयात झालेली टूम आहे, असे आपले काही ज्येष्ठ समीक्षक म्हणतात. त्यांना 1873 ची आठवण द्यावीशी वाटते. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त केले म्हणून. अमेरिकेतली गुलामगिरी तेव्हा कायद्याने संपून आठ वर्षे झाली होती. ‘संपलेल्या गोष्टीविषयी कशाला बोलायचे?’ हा प्रश्न जोतीरावांना पडला नाही, कारण ती त्यांच्या दृष्टीने संपलेली गोष्ट नव्हती; इथल्या शूद्रातिशूद्रांच्या स्थितीला नाव देण्यासाठी तिचा त्यांना उपयोग होता. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव कोठून घेतले, हे तर विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. तेव्हा ही चर्चा मराठीला नवी नाही. ती मराठीत आली ती जातीच्या प्रश्नाचा हात धरून, आणि कदाचित म्हणूनच काहींना ती परकी वाटते.

चागोसच्या कथेत मराठी माणूसही येतो, थोडा अडचणीचा होऊन. गुलामगिरी संपल्यावर मॉरिशसच्या मळेवाल्यांना ब्रिटिश खजिन्यातून नुकसानभरपाई मिळाली. गुलामांना काहीच मिळाले नाही. रिकाम्या झालेल्या उसाच्या शेतांसाठी 1834 पासून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत कोकणातले मराठी होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणेशोत्सव करतात, शाळांतून मराठी शिकतात, आणि आपण त्यांचे कौतुक करतो. ते योग्यच आहे. या मजुरांनीही फार सोसले. पण कालांतराने हिंदी वंशाच्या लोकांनी जमीन मिळवली, शिक्षण घेतले, स्वतंत्र मॉरिशसची सत्ता प्रामुख्याने त्यांच्याकडे आली. चागोसहून आणलेली कृष्णवर्णीय माणसे पोर्ट लुईच्या बंदरावर उतरली ती या नव्या देशात. बेटांच्या मोबदल्यात मॉरिशसला तीस लाख पौंड मिळाले होते. विस्थापितांसाठी ब्रिटनने 1973 मध्ये साडेसहा लाख पौंड वेगळे दिले, ते मॉरिशस सरकारने त्यांना वाटले 1978 मध्ये, महागाईने त्यांची किंमत उतरल्यावर. दरम्यान ही कुटुंबे झोपडपट्ट्यांत राहिली आणि ‘इलुआ’, म्हणजे बेटवाले, हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

वसाहतवादाची चर्चा आपल्याला आवडते ती साधारणपणे आपण फिर्यादी असतो तोवर. कोहिनूर, दुष्काळ, मेकॉले, इथपर्यंत आपला सूर चढा असतो. वसाहतीने जी उतरंड रचली तिच्यात आपल्यालाही मधली पायरी मिळाली आणि खालच्या पायरीवर कोणी उभे होते, हे आले की आपण विषय बदलतो. करारबद्ध मजुराची व्यथा सांगताना गुलामाच्या नातवाला गाळणे, हाही एक विशेषाधिकारच आहे. तो गोऱ्यांनी दिलेला असला तरी सांभाळला आहे आपण. मॉरिशसची लेखिका शेनाझ पटेल हिने 2005 मध्ये फ्रेंचमध्ये या विस्थापितांवर कादंबरी लिहिली. मराठी साहित्याच्या जागतिक वाटचालीविषयी आपण इतके बोलतो, पण मॉरिशसचा उल्लेख आपल्याकडे अजूनही संमेलनाच्या वृत्तान्तापुरताच येतो.

‘आज’ हा शब्द प्रश्नात होता, म्हणून तारखा सांगायला हव्यात. 2000 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हकालपट्टीचा हुकूम बेकायदा ठरवला. 2004 मध्ये सरकारने राजाज्ञेचा आधार घेऊन परतीची वाट पुन्हा बंद केली. 2008 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. फेब्रुवारी 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, मॉरिशसचे निर्वसाहतीकरण कायदेशीररीत्या पूर्णच झालेले नाही, असे मत दिले. म्हणजे जी गोष्ट संपली असे आपण वर्गात सांगतो, ती संपलेली नाही हे हेगच्या न्यायमूर्तींनी लिहून दिले आहे.

मे 2025 मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी बेटांच्या सार्वभौमत्वाविषयी करारावर सह्या केल्या. दिएगो गार्सियाचा तळ नव्व्याण्णव वर्षे तसाच चालावा आणि पुनर्वसन करायचे ते इतर बेटांवर, अशी त्यात तरतूद आहे. करार दोन सरकारांनी केला. आपल्याला कोणी विचारलेच नाही, अशी तक्रार अनेक चागोसवासीयांनी केली. दिएगो गार्सियावर जन्मलेल्यांपैकी जे हयात आहेत, त्यांतल्या सर्वांत लहानांनीही आता पन्नाशी ओलांडली आहे.