पुन्हा घडणे म्हणजे नक्कल नव्हे

मराठीच्या अभ्यासकांमध्ये एक समज फार खोलवर रुजलेला आहे. भाषेचा खरा कस कवितेत लागतो, त्याखालोखाल ललित गद्यात. नियम, परिपत्रके, खेळाच्या सूचना यांची भाषा म्हणजे निव्वळ हमाली, तिच्याकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने पाहण्याचे कारण नाही, असा तो समज. त्याला आमचा विरोध आहे, आणि तो आम्ही अशा एका वस्तूच्या आधारे मांडणार आहोत की जिचे नाव काढताच आमच्या अनेक सहव्यवसायी मित्रांच्या भुवया उंचावतील. ती वस्तू म्हणजे पत्ता. तोही बावन्न पत्त्यांतला नव्हे, तर राक्षस, जादूगार आणि यंत्रे यांची चित्रे असलेला, मुले जमवतात आणि एकमेकांत बदलतात तसला.

गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ १९९३ साली अमेरिकेतल्या 'विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट' या कंपनीने बाजारात आणला. प्रत्येक पत्त्यावर वर चित्र आणि खाली चार-दोन ओळींचा मजकूर असतो. त्या मजकुराचे नियम दोनशेहून अधिक पानांच्या एका संहितेत सांगितलेले आहेत, आणि पत्त्यावरचे वचन व सर्वसाधारण नियम यांत विरोध आला तर पत्त्यावरचे वचन खरे मानायचे, हे तिचे मूळ तत्त्व आहे. व्याकरण शिकलेल्याला यात उत्सर्ग आणि अपवाद यांची ओळखीची जोडी दिसेल. २०२१ पासून हा खेळ मोबाइलवरही आहे. त्यामुळे तो मुंबई-पुण्याच्या दुकानांपुरता उरलेला नाही. येरळेकाठच्या आमच्या वडूजलाही मोबाइल पोचलेलाच आहे.

या खेळातल्या एका विशिष्ट प्रकारच्या वाक्याकडे आम्हांला लक्ष वेधायचे आहे. काही क्षमता खेळाडूने वापरायच्या नसतात. एखादी घटना घडली की त्या आपोआप जाग्या होतात. खेळणारे त्यांना 'ट्रिगर' म्हणतात. बंदुकीचा चाप ओढला जावा तसे. अशी क्षमता ओळखायची खूण केवळ भाषिक आहे. इंग्रजी मजकुरात तीन ठरावीक कालवाचक शब्दांपैकी एकाने वाक्य सुरू झाले, तरच ती चापाची क्षमता, नाहीतर नव्हे. मराठीत हे भेद करता येतील काय? आमचे उत्तर असे की अधिक नेटकेपणाने करता येतील. 'प्राणी मैदानात आला की एक पत्ता ओढा' हे चापाचे वाक्य झाले. 'प्राणी मैदानात येताना त्याचा रंग निवडा' हे मात्र चापाचे नव्हे. इथे येणे आणि निवडणे ही एकच घटना आहे, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. 'आला की', 'येताना', 'येताच', 'आल्यावर', 'आला तर' या रूपांत आपण रोज किती बारीक भेद करतो, याची जाणीव व्याकरणाच्या तासाला क्वचितच होते. आणि 'जेव्हा' या एका वेळेचे 'जेव्हा जेव्हा' या प्रत्येक वेळेत रूपांतर करायला मराठीला नवा शब्द लागत नाही, आहे तोच शब्द दोनदा म्हणून भागते!

आता मुख्य मुद्दा. चापाने जागी झालेली क्षमता दुप्पट करण्याच्या दोन वाटा या खेळात आहेत. २०१३ साली 'स्ट्रायोनिक रेझोनेटर' नावाचा पत्ता आला. क्षमता जागी होऊन आपली पाळी येण्याची वाट पाहत चळतीत बसली की हा पत्ता तिची नक्कल करतो. २०१६ साली 'पॅनहार्मोनिकॉन' आला. तो नक्कल करीत नाही. यंत्र किंवा प्राणी मैदानात आल्यामुळे तुमची एखादी क्षमता जागी होणार असेल, तर ती आणखी एकदा जागी होईल, एवढेच तो म्हणतो.

वरवर पाहता दोन्हींचा परिणाम एकच. पण समजा, क्षमतेत 'पुढील दोहोंपैकी एक निवडा' असे आहे. नक्कल झालेली क्षमता मूळ क्षमतेची निवड जशीच्या तशी घेऊन जन्मते. तिला स्वतःची निवड नाही. रोख कोणावर धरायचा, हेही रेझोनेटरने स्पष्ट मुभा दिली आहे म्हणूनच बदलता येते. उलट पॅनहार्मोनिकॉनमुळे दुसऱ्यांदा जागी झालेली क्षमता पूर्ण स्वतंत्र असते. पहिलीने एक पर्याय निवडला, तर ती दुसरा निवडू शकते. पहिलीने एकावर रोख धरला, तर ती भलत्यावर धरू शकते. तिसरी गंमत गणिताची. दोन पॅनहार्मोनिकॉन मैदानात असतील तर क्षमता किती वेळा जागी होते? घाईने वाचणारा 'चार' म्हणतो, कारण त्याने मनात 'दुप्पट' हा शब्द वाचलेला असतो. उत्तर तीन आहे. पत्त्यावर 'दुप्पट' नाही, 'आणखी एकदा' आहे. एक मूळची आणि दोनदा 'आणखी एकदा'.

नक्कल आणि पुनर्घटना हा भेद आपल्या समीक्षेच्या व्यवहारात किती सैल झाला आहे, ते पाहा. पुनरुक्ती दिसली की आम्ही तिला दोष म्हणतो. कवी मोठा असेल तर त्याच पुनरुक्तीला सौंदर्य म्हणतो. मधली परीक्षा कुठे आहे? अभंगाचे ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर परत येते. ती नक्कल आहे काय? शब्द तेच असले तरी प्रत्येक कडवे त्याचा चाप नव्याने ओढते, आणि परतलेले ध्रुवपद नव्या कडव्यावर रोख धरते. दुसरीकडे, एखाद्या यशस्वी कादंबरीच्या साच्यातून निघालेल्या डझनभर कादंबऱ्यांना आम्ही 'परंपरा' म्हणून गौरवतो. तिथे मूळ लेखकाची निवडच पुढे सरकलेली असते. नंतरच्यांनी काहीच निवडलेले नसते. परंपरा आणि नक्कल यांतला फरक विचारला की आमचे उत्तर 'प्रतिभा' या शब्दापाशी थांबते. तो शब्द उत्तर नव्हे; तो प्रश्नाला घातलेला हार आहे.

हा भेद आपल्याकडे अज्ञात होता असेही नाही. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत दुसऱ्या अध्यायात एक कर्म दुसऱ्यापासून वेगळे कशावरून मानायचे याची साधने चर्चिली आहेत, आणि त्यांत 'अभ्यास' म्हणजे पुनरुच्चार हे एक साधन आहे. विधिवाक्यात तेच क्रियापद पाच वेळा आले तर ती निरर्थक पुनरुक्ती न मानता पाच वेगळी कर्मे मानायची. अकराव्या अध्यायात तंत्र आणि आवाप यांचा विचार येतो: एकदा केलेले अनेकांना कुठे पुरते आणि प्रत्येकासाठी वेगळे कुठे करावे लागते. पंगतीत दिवा एक पुरतो, वाढावे मात्र पानागणिक लागते, असे आम्ही वर्गात सांगतो. पाणिनीनेही द्वित्वाचे दोन वेगळे प्रांत मानले. एका ठिकाणी जोडीतल्या पहिल्याला 'अभ्यास' म्हटले, तर दुसऱ्या ठिकाणी नंतरच्याला 'आम्रेडित'. दुप्पट झालेल्या गोष्टीत मूळ कोणते आणि भर कोणती, हा प्रश्न त्याला महत्त्वाचा वाटला होता.

'पाहा, सगळे आमच्याकडे होतेच!' असे म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्यांसाठी मात्र आम्ही हे लिहीत नाही. आपल्याकडे होते, हे खरे. आज आपण ते वापरत नाही, हेही तितकेच खरे. जे शस्त्र म्यानातून निघतच नाही, त्याच्या धारेची स्तुती कोणी का ऐकावी?

पॅनहार्मोनिकॉन ज्या संचात आला त्या संचाचे नाव होते 'कलादेश'. भारतावरून घडवलेले ते एक काल्पनिक जग. तिथल्या मुख्य शहराचे नाव 'घिरापूर', पात्रांची नावे चंद्रा, रश्मी, सहेली राय. पुढे त्या जगाचे नाव बदलून 'आविष्कार' करण्यात आले, आणि २०२५ च्या 'एथरड्रिफ्ट' या संचात ते त्याच नावाने आले. हिंदीत आविष्कार म्हणजे नवा शोध. मराठीत तोच शब्द अभिव्यक्ती किंवा प्रकटीकरण या अर्थाने रुळलेला आहे. यंत्रे बनवणाऱ्यांच्या जगाला हिंदी अर्थ शोभतो, मराठी वाचकाच्या कानाला तो किंचित खटकतो. हा खेळ जपानी, जर्मन, फ्रेंच, इटालियन अशा अनेक भाषांत छापला गेला. मराठीत मात्र नाही. आपली नावे आणि वेष त्या पत्त्यांवर आले, आपली वाक्यरचना आली नाही. कंपनीवर रागावण्यात अर्थ नाही. ज्या भाषेचे अभ्यासकच नियमाची भाषा हमाली मानतात, त्या भाषेत नियम छापावेत असे परक्याला तरी का वाटावे?

नियमातल्या एका शब्दाची किंमत काय असते, याचेही उदाहरण याच जगात आहे. सहेली राय हे पात्र आपल्या बाजूच्या यंत्राची वा प्राण्याची हुबेहूब प्रतिकृती करते. २०१७ च्या जानेवारीत 'फेलिडार गार्डियन' नावाचा प्राणी आला: तो मैदानात आला की आपल्या बाजूची दुसरी कोणतीही वस्तू क्षणभर बाहेर नेऊन परत आणता येते. सहेलीने त्या प्राण्याची प्रतिकृती केली. प्रतिकृतीने सहेलीलाच बाहेर नेऊन ताजी करून आणले. ताज्या सहेलीने पुन्हा प्रतिकृती केली. न संपणारे चक्र! 'कोणतीही वस्तू' याऐवजी 'कोणताही प्राणी' एवढेच लिहिले असते तर हे घडते ना. अखेर एप्रिल २०१७ मध्ये 'स्टँडर्ड' या प्रकारच्या सामन्यांतून गार्डियनवर बंदी घालावी लागली. परिपत्रकातला असाच एखादा सैल शब्द आपल्याकडे किती जणांची पेन्शन, किती विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती अडकवून ठेवतो, हे तालुक्याच्या गावात नोकरी करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. साहित्याचे सामर्थ्य संदिग्धतेत असते. नियमाची भाषा संदिग्धता मारून जगते. मग साहित्याच्या विद्यार्थ्याने तिच्यापासून काय शिकावे? आमचे म्हणणे असे की अभिधेची सीमा ज्याला आखता येत नाही, त्याला व्यंजना कुठून सुरू झाली हेही कळत नाही. कवीने 'आला की' म्हटले आणि 'येताना' म्हटले नाही, हे ज्याच्या ध्यानात येते त्यालाच कविता वाचता येते. बाकीचे कवितेभोवती भावना व्यक्त करतात.

आमच्या गावाला तर हा भेद इतिहासानेच शिकवायला हवा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मा झाले. त्या दिवसाचे स्मरण करायचे तर दोन वाटा आहेत. गेल्या वर्षीचे भाषण यंदा वाचणे ही नक्कल. त्यात कोणासमोर उभे राहायचे ही निवड १९४२ सालीच होऊन गेलेली असते. आज कोणत्या अन्यायावर रोख धरायचा, हे नव्याने ठरवणे ही पुनर्घटना. शब्द कदाचित तेच असतील, कृती वेगळी असते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदच आहे. पण अभिजाततेचाही दोन प्रकारे गुणाकार होऊ शकतो. जुन्या ग्रंथांच्या गौरवाच्या प्रती काढत राहणे हा एक प्रकार. त्या ग्रंथांनी कमावलेली नेमकेपणाची शक्ती आजच्या विषयांवर, मग तो विषय पत्त्यांचा खेळ का असेना, आणखी एकदा जागी करणे हा दुसरा. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात एक तास असा असावा की जिथे विद्यार्थ्याने एका खेळाचा नियम मराठीत लिहावा आणि शेजारच्याने त्यातली पळवाट शोधून दाखवावी. त्याला ना अनुदान लागते, ना परिसंवाद. लागते ती फक्त 'दुप्पट' आणि 'आणखी एकदा' यांत फरक आहे, हे मान्य करण्याची तयारी.