मोबाइलमधला महापूर

पावसाळ्यात सांगलीत एकच प्रश्न असतो: ‘आयर्विनला किती?’ म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. पण आयर्विनचे ५० फूट म्हणजे आपल्या उंबऱ्यावर किती, हे दत्तनगरातल्या जुन्या माणसाला तोंडपाठ असतं आणि नव्या भाडेकरूच्या गावीही नसतं. त्यावर ऑगमेंटेड रिॲलिटीचा उपाय सुचतो. मोबाइलचा कॅमेरा गल्लीवर धरायचा, पातळी निवडायची आणि खऱ्या भिंतीला खोटं पाणी चढताना बघायचं. समुद्र वाढला तर किनाऱ्याचं काय होईल, हे परदेशात असंच दाखवतात. २०१८च्या फ्लोरेन्स वादळात अमेरिकेच्या वेदर चॅनलनं निवेदिकेभोवती स्टुडिओतच पाणी चढवलं होतं. आपल्याकडे समुद्र नाही, कृष्णा आहे.

या कल्पनेच्या बाजूनं २०१९च्या महापुराचा अनुभव बोलतो. २००५ला पाणी ५४ फुटांच्या आसपास थांबलं होतं. ‘तेव्हा आलं नाही, आता काय येतंय’ म्हणत कित्येक घरं बसून राहिली आणि पाणी ५७च्या वर गेलं. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊन निघालेली बोट उलटली, सतराजण गेले. तीन फूट ऐकायला किरकोळ वाटतात, पण तेवढ्यात स्वयंपाकाचा ओटा, वरची शेगडी आणि खालचं धान्य सगळं जातं. हे आधी डोळ्यांना दिसलं असतं तर काहीजण एक दिवस लवकर निघाले असते, असं मानायला जागा आहे.

अडचण नेमकी त्या तीन फुटांतच आहे. साध्या मोबाइलला स्वतःची उंची तेवढी अचूक कळत नाही, आणि उपग्रहावरून बनवलेल्या फुकटच्या नकाशांत जमिनीच्या उंचीची चूक काही मीटरची असू शकते. शिवाय पुराचं पाणी टाकीतल्यासारखं सपाट नसतं. नदीला उतार असतो, हरिपूरला वारणा मिळते, नाल्यांतून पाणी उलटं शिरतं. पडद्यावर अंगण कोरडं दिसलं म्हणून कुणी घरात थांबलं, तर जबाबदार कोण? ऐन पुरात वीज आणि रेंज दोन्ही जातात, हा मुद्दा तर वेगळाच.

साताऱ्याकडे गेलं की प्रश्नच बदलतो. कराडच्या प्रीतिसंगमावर पातळी दाखवून उपयोग होईल. पण जुलै २०२१मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावात माणसं गेली ती दरड कोसळून. तिथं पाण्याचं चित्र दाखवणं म्हणजे चुकीच्या दिशेला बोट दाखवणं.

मग हे करावं का? करावं, पण आधी सर्वेक्षकांकडून उंची मोजून घेऊन, मोजक्या चौकांपुरतं, आणि मे महिन्यात वॉर्डाच्या बैठकीत किंवा शाळेत माहीतगार माणसाच्या हातून. घर सोडायचं की नाही हे ठरवायला ते कुणाच्या हाती देऊ नये. विजेच्या खांबांवर २००५, २०१९, २०२१च्या पातळीचे रंगीत पट्टे मारणं त्याहून स्वस्त आणि खात्रीचं. ते काम पहिलं.

खरं तर ज्यानं गाळ उपसलाय त्याला पूर दाखवायची गरजच नाही. गरज आहे ती कोरड्या एप्रिलमध्ये प्लॉट बघायला येणाऱ्याला. पूररेषा कागदावर आहेतच: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला बंदी आहे, तरी पूरपट्ट्यात घरं उभी राहतात, कारण बघायला जावं तेव्हा तिथं ऊस नाहीतर मोकळं रान दिसतं. कॅमेरा तिथं धरला, तर बिल्डरची जाहिरात आणि कृष्णा एकाच चौकटीत येतील. त्याला विरोधही तिथूनच होईल, भाव पडतील म्हणून. तो ऐकून घ्यावा आणि काम पुढं न्यावं.

तोवर सांगलीत जागा घेणाऱ्यांनी इसार देण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पूररेषेचा नकाशा मागावा आणि आपला गट नंबर त्यावर स्वतः शोधावा.