माल सुकेल, खाते सुकणार नाही

२६ जुलै २००५ चा पाऊस कोणी विसरलेले नाही. सांताक्रूझ येथे त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. भिवंडीतही पूर आला. आमच्या दुकानात कमरेइतके पाणी होते. मुलांना हाताशी घेऊन आम्ही तागे माळ्यावर चढवले, बराच माल वाचला. वह्या मात्र खालच्या कपाटात राहिल्या. अब्बांच्या काळापासून उर्दूत लिहिलेली सारी खतावणी, शाई उतरून कोरी झाली.

भिजलेले कापड सुकवून पडत्या भावाने विकता आले. पण कोणाच्या मागावर किती सूत आहे आणि कोणाकडे किती बाकी आहे, हे सांगणारे दुसरे काही नव्हते. ज्यांची नियत साफ होती त्यांनी घरी आणून पैसे दिले. बाकीच्यांनी "वही दाखवा" एवढेच म्हटले.

आपल्या धंद्याची रीतच अशी आहे. सूत आपले, सायझिंग दुसऱ्याकडे, विणकाम तिसऱ्याच्या मागावर मजुरीने आणि तयार कापड चौथ्या गावी उधारीवर. चार ठिकाणी विखुरलेली ही पुंजी फक्त खात्याने बांधलेली असते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, ज्याच्या खात्याची दुसरी प्रत दुकानाबाहेर नाही, त्याने आपली सारी कमाई एका कपाटावर सोडून दिली आहे.

काही बांधव म्हणतील, आता सर्व संगणकावर आहे, बिले जीएसटीच्या पोर्टलवर आहेत. पण पोर्टलवर विक्री दिसते. वसुली किती आली आणि कोणाकडे किती बीम पडून आहेत हे तेथे दिसत नाही. संगणकालाही संकटे आहेत. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने जगभरच्या संगणकांतील फाइलींना कुलूप लावून खंडणी मागितली. अशा वेळी प्रत घेतलेला पेन ड्राइव्ह संगणकालाच लावलेला असेल, तर प्रतही त्याच कुलपात जाते.

विमा आहे म्हणून निर्धास्त राहणेही चूक आहे. आगीचा विमा मालाचा असतो, उधारीचा नसतो. मालाची भरपाई मागतानाही सर्वेअर स्टॉकची नोंद आणि खरेदीची बिले मागतोच. शिवाय जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावा लागतो.

मग करावे काय? रोज दुकान बंद करताना प्रत घ्यावी, काढून घरी न्यावी. आठवड्याला एक प्रत दुसऱ्या गावी भावाकडे किंवा मुलीच्या सासरी पाठवावी. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत काय कामाची? ज्यांच्या वह्याच आहेत त्यांनी पानांचे फोटो काढून ठेवावेत. वर्षातून एकदा प्रत्येक पार्टीकडून बाकीची सहीनिशी कबुली घ्यावी. उधार मालाच्या पैशांचा दावा साधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. त्या मुदतीच्या आत लेखी कबुली मिळाली तर मुदत नव्याने मोजली जाते.

दुसरी बाब अमानतीची. पार्टीचे भाव, बँकेचे खाते, मोबाइल नंबर हे आपल्याकडे विश्वासाने दिलेले असते. पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवणे, ओटीपी कोणालाही सांगणे, नोकरी सोडून गेलेल्या मुनिमाचा पासवर्ड चालू ठेवणे, या सवयी सोडल्या पाहिजेत.

पासवर्ड लपवताना तो घरातल्या एका विश्वासू माणसाला मात्र माहीत असावा. २०२० च्या साथीत आमच्या बाजारातील एक व्यापारी अचानक गेले. सारा हिशेब त्यांच्या डोक्यात होता. घरच्यांना येणे कळले नाही, देणे तर देणेकऱ्यांनी दारात येऊन सांगितले. मय्यतीचे कर्ज फेडल्याशिवाय वारसा वाटता येत नाही, हे आपण सर्व जाणतो. मग ते कर्ज किती, हे कोणी सांगायचे?

देणे-घेणे लिहून ठेवण्याची ताकीद कुरआन शरीफमध्ये आहे. लिहिलेले जपणे ही आपली जबाबदारी. आज रात्री शटर ओढण्यापूर्वी एक प्रत खिशात टाकूनच घरी जावे, एवढीच विनंती.