पुडक्यावरचा १०२ नंबर

भगिनींनो, मुलांच्या हातातलं जेलीचं किंवा गोळ्यांचं पुडकं एकदा उलटं करून पाहा. मागे बारीक अक्षरांत इंग्रजी मजकूर असतो आणि त्यात १०२, ११०, १२२ असे नंबर. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून आपण ते सोडून देतो. पण आकडे वाचायला इंग्रजी लागत नाही. हे नंबर म्हणजे त्या खाऊत घातलेले रंग.

१०२ म्हणजे टारट्राझिन, लिंबासारखा पिवळा. ११० म्हणजे सनसेट यलो, नारिंगी. १२२ कार्मोइसिन आणि १२४ पॉन्सो ४ आर हे लाल. १३३ ब्रिलियंट ब्लू हा निळा. हे रंग पानाफुलांतून येत नाहीत. पूर्वी दगडी कोळशाच्या डांबरापासून आणि आता खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून ते कारखान्यात तयार होतात. त्यांना चव नाही, त्यांनी अंगाला ताकद मिळत नाही. संत्र्याचा थेंब नसलेलं सरबत संत्र्याचं दिसावं, एवढंच त्यांचं काम.

मग सरकार परवानगी का देतं? ठरावीक रंग, ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणात चालतात, असा कायदा आहे. आइस्क्रीम, गोळ्या, केक, सरबत, मिठाई यांत बहुधा किलोला १०० मिलिग्रॅम ही मर्यादा असते. म्हणजे दहा किलो बुंदीला फक्त एक ग्रॅम रंग. गाडीवर किंवा मांडवात रंग असा वजन करून घातलेला कुणी पाहिला आहे का? तिथे चमच्याने आणि अंदाजाने काम चालतं. हळद, तिखट, डाळ, बेसन आणि चहा पावडर यांत तर असा रंग घालायला परवानगीच नाही.

परवानगीचा रंग जास्त झाला तर तो एक धोका. त्याहून मोठा धोका कापडाच्या रंगाचा. परळ-लालबागच्या गिरण्यांत ज्यांनी रंगखात्यात काम केलं, त्यांना या रंगांचा पक्केपणा सांगायला नको. त्यांतलाच ऱ्होडामाइन बी हा भडक गुलाबी रंग म्हातारीच्या केसांत सापडला, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तामिळनाडू सरकारांनी त्यावर बंदी घातली. मार्चमध्ये कर्नाटकाने म्हातारीचे केस आणि गोबी मंच्युरियन यांत कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. गोव्यात म्हापसा नगरपालिकेनेही अस्वच्छता आणि कृत्रिम रंग या कारणांनी गोबी मंच्युरियनवर बंदी आणली. पिवळ्या रंगात असाच मेटॅनिल यलो आहे. तोही खाण्याचा रंग नव्हे. पण हळदीत आणि डाळीत तो अनेकदा पकडला गेला आहे.

परवानगीच्या रंगांबद्दलही जगात विचार चालू आहे. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाने तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना काही रंग व सोडियम बेंझोएट घातलेलं पेय देऊन पाहिलं. २००७ साली निष्कर्ष आला, की काही मुलांचा चंचलपणा त्याने वाढतो. सगळ्यांचा नाही, आणि वाढही थोडी. तरी २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांच्या खाऊवर, मुलांचं लक्ष आणि वागणूक यांवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापावा लागतो. त्या सहांपैकी १०२, ११०, १२२ आणि १२४ आपल्याकडे चालतात. इशारा मात्र छापत नाहीत. काही थोड्या लोकांना टारट्राझिनने अंगावर गांधी उठतात. घरात कुणाला असा त्रास असेल, तर त्या दिवशी काय खाल्लं ते आठवून डॉक्टरांना सांगा.

घाबरून जायचं कारण नाही. एखाद्या गोळीने मूल आजारी पडत नाही. पण रोज शाळेबाहेरचा बर्फाचा गोळा, संध्याकाळी गाडीवरचं लालभडक चायनीज, असं चालू असेल तर ते थांबवा. त्याच पैशांत केळं येतं, चणे-शेंगदाणे येतात.

घरी पारख करता येते. पेल्यातल्या पाण्यावर तिखट भुरभुरा. रंगाचे धागे खाली उतरू लागले तर ते रंगवलेलं समजा. हळद पाण्यात टाका. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं, भेसळीची पाणी गडद पिवळं करते. हिरवे वाटाणे अर्धा तास भिजवा. पाण्याला रंग सुटला तर परत करा. जमेल तेव्हा लालबागच्या मसाला बाजारातून अख्खी मिरची घ्या आणि डोळ्यांसमोर डंकावर कुटून घ्या.

संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. फोन १८००२२२३६५, पैसे पडत नाहीत. आणखी एक हक्क फार थोड्यांना ठाऊक आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार साधा गिऱ्हाईकसुद्धा फी भरून माल तपासून घेऊ शकतो. मात्र विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. माल कायद्यात बसत नाही असं निघालं, तर फी परत मिळते.

आणि जयंतीला किंवा लग्नकार्याला बुंदी करायची असेल, तेव्हा आचाऱ्याला आधीच बजावा: रंग घालायचा नाही. बेसनाची बुंदी मुळातच पिवळी असते. वर्गणी आपली आहे आणि खाणारी लेकरंही आपलीच आहेत.